मदत हवी आहे: एमजीबी रोडस्टरचे (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) सिल, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे, बदलताना बॉडी सरळ कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. मुक्काम बर्मिंगहॅम. १९७२ची एमजीबी रोडस्टर घेतली आहे. १८०० सीसीचं इंजिन ठणठणीत आहे, एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर साफ केल्यावर आयडलिंगही छान धरतं. रडगाणं आहे ते पत्र्याचं. बाहेरून सिल चकाचक दिसतात, पण दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टोचला तर थेट आत गेला. रंगाखाली नुसती पुट्टी! जॅक लावला की दाराची मागची फट वरच्या बाजूला मिटत जाते.

या गाडीला वेगळी चासी नाही आणि डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे बराचसा भार सिलवरच. बाहेरचा सिल, आतला सिल आणि कॅसल सेक्शन (सिलचा खालचा भाग), तिन्ही बदलावे लागणार. दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचा आडवा टेकू वेल्ड करायचा, इथवर समजलंय. पण कापताना गाडी चाकांवर उभी ठेवायची की खाली टेकवायच्या स्टँडवर? स्टँड नेमके कुठे? आणि फट जुळवायला दारं लावूनच काम करायचं का? इंग्लंडमधल्याच विटनीहून अख्खी नवी बॉडी मिळते, पण ती परवडणारी नाही.

कुणी स्वतः केलंय का? फोटो असतील तर कृपया टाका.