स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग: ४० मिमी झेपते काय?

धरमपेठवाला: ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट ते रस्ता, मधली जागा) १६३ मिमी आहे. गाडी ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घेऊन राह्यलो. शॉकअप (स्प्रिंगचे हेलकावे थांबवणारे शॉक अॅब्सॉर्बर) जुनेच ठेवले तर चालते काय?

गॅरेजभाऊ: १२३ उरते, त्यात घरची चार माणसं बसली की आणखी कमी. आपले सिमेंट रोड इतके उंच झाले, की गल्लीतून वर चढतानाच बंपर घासते. काहून ४० पाहिजे? ३० च्या घे. जुना शॉकअप सारखा दबलेलाच चालते, बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर) आदळते, मग तेल सोडते.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) खोलायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) पाहिजेच. त्याच्याशिवाय वरचा नट फिरवणारा दिसला तर गाडी घेऊन परत ये ना बाप्पा, दबलेली स्प्रिंग जबडा फोडते. मागचं सोपं आहे: शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) खाली केला की स्प्रिंग निघते. बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मात्र शेवटचे टाइट गाडी चाकांवर उभी करूनच करायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहते आणि लवकर फाटते. मेकॅनिक लोक इथंच घाई करतात.

वर्धारोडकर: चाकांची अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटचा झोतही पाहा. विमा कंपनीला आधीच लेखी विचारा, क्लेमच्या वेळी भांडण नको.

धरमपेठवाला: ३० फायनल, शॉकअप पण नवीन. बाबांना सध्या काही सांगत नाही.

गॅरेजभाऊ: बसल्यावर त्यांनाच कळते.