बायोप्सी करायची की नाही, हे तुम्ही कसं ठरवलंत?

केतकी_न
काल रात्री भाचीचा फोन आला. वय ३४, धाकटं बाळ अजून अंगावर पितंय. उजव्या स्तनात गाठ लागली म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टवर 'बायरॅड्स ४ए' (कॅन्सरची शंका किती, ते सांगणारा गट) आणि बायोप्सीचा सल्ला. घरात सगळ्यांची मतं सुरू. सासूबाई म्हणतात दुधाची गाठ आहे, शेक दे. जाऊ म्हणते सुई लावली की पसरतं. नवरा म्हणतो तू ठरव. ती मला विचारत होती, "मावशी, तू तेव्हा कसं ठरवलंस गं?"

फोन ठेवला आणि २०११ साल जसंच्या तसं समोर आलं. माझी गाठ डाव्या बाजूला होती, आंघोळीच्या वेळी हाताला लागली. सर्जननी तपासलं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, आणि मग म्हणाले की सुईने तुकडा घेऊन बघू. त्यानंतरचे दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पोळ्या लाटता लाटता एकच विचार, कळलंच नाही तर बरं. शेवटी माझ्या आईने ठरवलं. ती चौथी शिकलेली. म्हणाली, "गाठ आहे ती आहेच. तू बघितलंस म्हणून वाढणार नाही आणि नाही बघितलंस म्हणून जाणार नाही." दुसऱ्या दिवशी वेळ घेतली. फायब्रोअ‍ॅडेनोमा निघाला, साधी गाठ.

माझं निभावलं, पण भाचीला फक्त माझाच अनुभव सांगणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांनी केली, ज्यांनी नाही केली, ज्यांचं वेगळं काही निघालं, सगळ्यांनी लिहा. तिला वाचायला देणार आहे.

नूतन
केतकी, पाजणाऱ्या बाईचीही बायोप्सी करता येते. माझ्या बहिणीची केली. फक्त आधी डॉक्टरांना सांगायचं की बाळ पितंय, आणि जाण्याआधी पाजून घ्यायचं. सुईच्या जागेतून थोडे दिवस दूध झिरपण्याची शक्यता असते, ती त्यांनी आधीच सांगितली होती. तिच्या गाठीत सुई घातली तर दूधच आलं! सासूबाई म्हणाल्या, बघ, मी म्हणत होते. बरोबर होत्या त्या. पण कळलं ते सुई घातल्यावरच ना.
कुकर झालाय, नंतर लिहिते.

वऱ्हाडी_ठेचा
माझ्या आत्याचं सांगतो. अकोल्याची, वय ५२. गाठ दुखत नव्हती. सगळे म्हणाले, दुखत नाही ना, मग काही नाही. त्यात घरात लग्न. लग्नानंतर पाहू, पाऊस झाल्यावर पाहू, दिवाळी झाली की पाहू. नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा काखेतही गाठ होती. ती सोनोग्राफीतच दिसली होती, सुई लावायच्या आधी. तरी आजही आमच्याकडे लोक म्हणतात, "सुई लावली अन् पसरलं." मी दर वेळी सांगतो, तारखा पाहा जरा. कोणी पाहत नाही. आत्या गेली. दुखत नाही म्हणून थांबू नका एवढं भाचीला सांगा ताई.

अवनीची_आई
@वऱ्हाडी_ठेचा 🙏 फार वाईट वाटलं वाचून.

तेजू२७
मी न केलेल्यांपैकी. माझा रिपोर्ट बायरॅड्स ३ होता. बोटाखालून सटकणारी गाठ, कडा गुळगुळीत. डॉक्टर म्हणाल्या, या गटात कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा कमी असते, ६ महिन्यांनी परत सोनोग्राफी करू, वाढली तर सुई. आईला ते पटेना. तिचं म्हणणं, लग्न ठरायच्या आत काढूनच टाक, कुणाला कळायला नको. त्यावरून आमची भांडणं झाली. मी म्हटलं, कुणाला काय वाटेल म्हणून मी छातीवर व्रण घेणार नाही. २ वर्षं लक्ष ठेवलं, गाठ तेवढीच आहे. लग्न झालं, नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.
पण ३ आणि ४ यात फरक आहे हं. माझं बघून भाचीने थांबू नये.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. तेजूने बरोबर सांगितलं. ४ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण २ ते १० टक्के. म्हणजे बहुतेकींचं साधंच निघतं, पण नुसतं बघत बसावं इतकीही ती शक्यता कमी नाही. भाचीने करून घ्यावी.
एक विचारून घ्या: बारीक सुईने पेशी ओढणार आहेत की जाड सुईने तुकडा घेणार आहेत? जाड सुईच्या तपासणीला ट्रूकट किंवा कोअर बायोप्सी म्हणतात. तुकड्यात गाठीची रचना दिसते, आणि दुर्दैवाने कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर, हर-२ या, कुठले उपचार लागू पडतील ते सांगणाऱ्या तपासण्या त्यावरच होतात. काही ठिकाणी आधी अख्खी गाठच कापून काढतात आणि मग तपासायला पाठवतात. सुईने निदान होण्यासारखं असेल तर आधी सुईच. निदान हातात असलं की ऑपरेशन करायचं की नाही, कसलं करायचं, हे नीट ठरवता येतं.
सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकते. त्या भीतीपायी बायका थांबतात आणि तेवढ्यात आजार पुढे जातो.
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

स्मिता७१
दुखतं का हो फार? माझी पुढच्या आठवड्यात आहे. घरी अजून सांगितलं नाही.

नूतन
@स्मिता७१ अगं एकटी जाऊ नकोस! कुठे आहेस तू?

केतकी_न
स्मिता, भूल देतात त्या इंजेक्शनचं टोचतं आणि जळजळतं, तेवढंच. नंतर दाबल्यासारखं वाटतं. यंत्राचा आवाज मात्र स्टेपलरसारखा खटकन येतो, त्याने मी दचकले होते. आधी एकदा आवाज ऐकवा म्हणून सांग, ऐकवतात. बर्फाने शेकायचं, घट्ट ब्रा घालायची, एकदोन दिवस बादली उचलायची नाही. काळंनिळं होतं, घाबरू नकोस.

दर्यावर्दी
पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? मला निपलच्या मागे गाठ झाली होती. बायको मागे लागली म्हणून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये गेलो. बाकावर सगळ्या बायका. एक आजी म्हणाल्या, "बायलेक हाडल्या मरे?" (बायकोला आणलंयस ना?) म्हटलं, ना आजी, हांवूच पेशंट. त्यांनी सरकून जागा दिली आणि माझा नंबर लागेपर्यंत बोलत बसल्या. सुई लावली, गायनेकोमास्टिया निघालं, म्हणजे पुरुषाचं स्तन वाढणं, कॅन्सर नाही. स्पायरोनोलॅक्टोन गोळी चालू होती, तिच्यामुळे असं होऊ शकतं म्हणाले, गोळी बदलली. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

अवनीची_आई
त्या आजी किती गोड!

सोलापुरी_चादर
माझा रिपोर्ट टीबी आला!! स्तनाचा टीबी असतो हेच माहीत नव्हतं. ६ महिने गोळ्या, गाठ विरघळली. कॅन्सर नाही म्हणून पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी जावेने माझं ताट-वाटी वेगळं केलं. त्या ताटाचं दुःख मला गाठीपेक्षा जास्त झालं.

काचपट्टी
@सोलापुरी_चादर फुप्फुसात नसेल तर तो टीबी ताटा-वाटीतूनच काय, श्वासातूनही पसरत नाही. जावेला हे दाखवा.

सोलापुरी_चादर
आता ती पण माझ्या ताटात जेवते 😊 नवऱ्याने तिला डॉक्टरांसमोरच बसवलं होतं.

परळकरीण
माझी आई टाटा हॉस्पिटलच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या अभ्यासात आरोग्य सेविका होती. १९९८ला सुरू झाला. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या जवळजवळ दीड लाख बायका, निम्म्यांची दर २ वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी. निकाल २०२१ला आला: तपासणी होत असलेल्या पन्नाशीच्या वरच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी. आईने मला फोन करून तीनदा वाचायला लावलं. ती म्हणते, गाठ सापडणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढच्या तपासणीला बाईला घराबाहेर काढणं. कुणाला पाणी भरायचं, कुणाच्या नवऱ्याची रात्रपाळी, कुणाचं पोर तापलेलं. आई त्यांच्याबरोबर पाण्याच्या रांगेत उभी राहायची आणि मग त्यांना घेऊन जायची.

वऱ्हाडी_ठेचा
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे अशी कोणी आली असती तर.

स्मिता७१
@नूतन ठाण्यात आहे. मुलीला आत्ता सांगितलं. ती रडली, मग मला ओरडली, आता सुट्टी टाकतेय.

नूतन
शाब्बास! 🤗

केतकी_न
सगळं भाचीला वाचायला दिलं. तिने ट्रूकटची वेळ घेतली. जावेला काचपट्टीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. सासूबाई म्हणाल्या, मी बाळाला घेऊन बाहेर बसते, तुला मध्येच पाजावं लागलं तर. स्मिता, तुझंही कळव गं.

काचपट्टी
राहिलंच, रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही (काढलेला तुकडा त्यात जपलेला असतो) मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात तर तेच परत तपासतात, नव्याने सुई बहुधा लागत नाही. उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

अवनीची_आई
बायोप्सीला पुढून बटणांचा कुर्ता घालून जा, मी डोक्यातून घालायचा घातला होता, परत चढवताना हात वर जाईना. माझ्याकडे दोन आहेत, स्मिता, ठाण्यातच आहेस तर आणून देऊ का? माप काय तुझं?

स्मिता७१
एक्सएल 🙏 नौपाड्यात राहते.

परळकरीण
बाहेरगावहून टाटाला येणाऱ्यांना राहायला: परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा. आधी फोन करून जागा आहे का विचारा, गर्दी फार असते.

दर्यावर्दी
जेवणाची सोय आहे का तिथे? माझा एक मित्र वेंगुर्ल्याहून वहिनीला घेऊन येतोय.

परळकरीण
आईला विचारून संध्याकाळी सांगते.