बोरन्हाणाचे फोटो आणि ‘इकडे बघ ना बाळा’

दीड वर्षाचं मूल फोटो काढताना कॅमेऱ्याकडे बघतच नाही, काय करावं, असं एका पालकांनी विचारलंय. न बघू दे की! मी फोटोग्राफर, संक्रांत ते रथसप्तमी माझी बोरन्हाणंच चालू असतात. तिथे आठ नातेवाईक एकदम ‘इकडे बघ’ म्हणून ओरडले की पोर हमखास भोकाड पसरतं. मी सगळ्यांना गप्प करतो, आईला माझ्या खांद्यामागे बसवतो आणि स्वतः जमिनीवर फतकल मारतो. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलात की अर्धं काम झालं.

काळं झबलं आणि पांढरे हलव्याचे दागिने हा खरा त्रास. काळ्या रंगाला फसून कॅमेरा जास्त उजेड घेतो, हलव्याचे काटे पांढरेफटक होऊन पार उडतात. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी ठेवा. चुरमुरे-बोरं डोक्यावरून पडताना शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० वर गेला तरी बिनधास्त. फ्लॅश नको, पाट खिडकीजवळ मांडायला सांगा.

ग्रुप फोटोला मात्र एफ/१.८ चा (म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं ठेवायचा) मोह टाळा, मागच्या रांगेतली आजी धूसर येते (आणि नेमका तिलाच फोटो फ्रेम करून हवा असतो). एफ/५.६ (लहान तोंड) बरं. आणि वेळ मुलाची झोप झाल्यानंतरचीच घ्या, मुहूर्त काहीही असो.