२ एचपी कम्प्रेसरवर सँडब्लास्टिंग: सायफन गन की प्रेशर पॉट?

पद्मिनी_८४ (मानेवाडा, नागपूर)
१९८४ ची प्रीमियर पद्मिनी पूर्ण उघडली आहे. सस्पेन्शन आर्म, ब्रॅकेट, पाच रिम आणि बॉनेट सँडब्लास्टिंगने (दाबाच्या हवेने दाणे मारून) साफ करायचं आहे. घरी २ एचपी सिंगल फेज कम्प्रेसर, टाकी १०० लिटर, पाटीवर ८ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). सायफन गन (हवेच्या ओढीने दाणे खेचणारी) घेऊ की २० लिटरचा प्रेशर पॉट (दाबाखालच्या टाकीतून दाणे ढकलणारा)? कन्हानची रेती वाळवून, चाळून चालेल का?

हवेचा_हिशोब
भाऊ, आधी हवा बघा. पाटीवरचे ८ हे पिस्टनच्या मापाचे. ६ बारला प्रत्यक्षात साधारण ५ मिळतात. ८० पीएसआयला (साधारण साडेपाच बार) नोझलच्या २ मिमी छिद्रातून जवळपास ८ सीएफएम जातात, ३ मिमीतून १७-१८. म्हणजे २ मिमीवरही टाकीचा दाब दोन-तीन मिनिटांत बसतो आणि थांबावं लागतं.

तेवढ्याच हवेत पॉट जास्त काम काढतो, हे खरं. पण त्यात हवा आणि गार्नेट (ब्लास्टिंगचे कठीण खनिज दाणे) एकाच नोझलमधून जातात, आणि २ मिमीत ३०/६० मेशचा (चाळणीचा नंबर, मोठा नंबर म्हणजे बारीक दाणा) दाणा तुंबतोच. तेच नोझल झिजून ३ मिमी झालं की हवा सव्वादोनपट लागते. सायफनमध्ये हवेचा जेट वेगळा, बाहेरचं नोझल ५-६ मिमीचं, म्हणून तुंबणं कमी. तुमच्यासाठी सायफनच, बंद कॅबिनेटमध्ये, ८० मेश गार्नेट घेऊन. पॉटसाठी साडेसात एचपी आणि थ्री फेज लागेल. एका गाडीसाठी तो खर्च करू नका. पाच रिम हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्कला द्या.

मे महिन्यात काम पहाटे उरका. हा कम्प्रेसर सलग चालवायचा नसतो, ४५ अंशात हेड फार तापतं.

गार्नेट_८०
रेती अजिबात नको. कन्हानच्या रेतीत क्वार्ट्झ असतं, आदळून त्याची बारीक भुकटी होते आणि ती फुप्फुसात बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून ती अडत नाही, आणि शेजारच्यांच्या घरातही जाते. गार्नेट चाळून तीन-चार वेळा वापरता येतं. तरी पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क लावाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

प्राइमर_आधी
मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेतच पुढे जातं आणि गनमध्ये गार्नेटचा चिखल होतो. मध्ये आठ-दहा मीटर जीआय पाइप उतार देऊन टाका, खालच्या टोकाला ड्रेन कॉक, मग ट्रॅप. जुलै-ऑगस्टमध्ये उघडं लोखंड काही तासांतच तांबूस होतं. तेव्हा दिवसभरात जेवढ्याला इपॉक्सी प्राइमर मारणं होईल, तेवढंच ब्लास्ट करा. साफ भागाला उघडा हात लावू नका.

पद्मिनी_८४
धन्यवाद. बॉनेट कमी दाबावर करू का?

हवेचा_हिशोब
नाही. दाणे एका बाजूने ठोकत राहतात, तो पृष्ठभाग ताणतो आणि पत्र्याला पोट येतं. ते परत बसवणं फार अवघड. बॉनेटला पेंट रिमूव्हर आणि स्ट्रिपिंग डिस्क. फक्त कडांच्या घडीत गंज असेल तिथेच गन, ४० पीएसआय, तिरकी धरून, एका जागी न थांबता. आणि आर्मवरचं ग्रीस, डांबरी अंडरकोट आधी खरवडून डिझेलने धुवा, मग डिग्रीझरने डिझेलही काढा. मऊ थरावर दाणा नुसता उसळतो, आणि तेलकट झालेलं गार्नेट पुढच्या पार्टलाही तेल लावतं.