लॅक्टिक आम्ल बनवून पेशीला मिळतं काय?

प्रश्न:
मुलगी दहावीत आहे. ऑक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून होणारं श्वसन) आणि विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनविना होणारं) यांतल्या फरकाचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. काल मात्र तिनं विचारलं, "आई, ग्लुकोजच्या विघटनात 2 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळून गेले. पुढे त्यातून बनलेल्या पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करून एकही एटीपी मिळत नाही. मग पेशी हा खटाटोप करतेच कशाला?" मला काही सांगता आलं नाही.

उत्तर 1:
ताई, लेकीला माझी शाबासकी सांगा. पंचवीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न फार थोड्या मुलांना पडतो.

ग्लुकोज मोडताना निघणारे इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो. पेशीत तो मोजकाच असतो. सगळे एनएडी भरले, की विघटन ठप्प. ऑक्सिजन असेल तर तंतुकणिकेत (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात) ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचतात, पाणी बनतं, एनएडी मोकळा होतो. या वाटेनं एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी मिळतात (जुन्या पुस्तकांत 38). ऑक्सिजन पुरेनासा झाला, की स्नायूपेशी तेच ओझं पायरुविक आम्लावर उतरवते. त्याचंच लॅक्टिक आम्ल होतं. त्यातून वेगळी ऊर्जा नाही, पण एनएडी सुटतो आणि ते 2 एटीपी मिळत राहतात.

ऑक्सिजनविना श्वसन दाखवायला वर्गात मी उकळून गार केलेल्या साखरेच्या पाण्यात यीस्ट घालतो, हवा लागू नये म्हणून वर तेलाचा थर देतो आणि नळी चुन्याच्या निवळीत सोडतो. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधाळ होते, मुलं खूश होतात. पण दुसऱ्या दिवशी बूच काढून वास घ्यायला लावतो, तो क्षण मला जास्त आवडतो. अल्कोहोल! एनएडी मोकळा करताना यीस्ट लॅक्टिक आम्लाऐवजी हे बनवतं. ते पेटतं, म्हणजे ग्लुकोजमधली बरीच ऊर्जा अजून त्यातच आहे.

उत्तर 2:
तिला लाल रक्तपेशींबद्दलही सांगा. दिवसभर ऑक्सिजन वाहतात, पण तंतुकणिकाच नसल्यामुळे स्वतः विनॉक्सिश्वसनावरच जगतात.

प्रश्नकर्ती:
सर, आता कळलं! मग खूप पळाल्यावर दोन दिवस पाय दुखतात, ते लॅक्टिक आम्लामुळेच ना?

उत्तर 1:
नाही, हा गैरसमज फार पसरलाय. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, हृदयाचा स्नायू तर ते इंधन म्हणून वापरतो. दोन दिवसांनी दुखतात ते बारीक इजा झालेले स्नायुतंतू.