जवसाची चटणी वीस दिवसांत खवट व्हायली, चुकतंय कुठं?

संभाजीनगरची_आई:
नमस्कार मंडळी, लई दिवसांनी लिहायलेय. पोरगा पुण्याला होस्टेलला आहे, मेसमध्ये सोमवार ते रविवार बटाटाच, म्हणून दर महिन्याला जाणाऱ्या येणाऱ्याच्या हाती डबा पाठवते. त्यात तीन चटण्या ठरलेल्या, शेंगदाण्याची, कारळाची आणि जवसाची. पहिल्या दोन महिनाभर ठणठणीत राहतात पण जवसाची वीस दिवसांतच बिघडते. परवा फोन आला, म्हणे आई, चटणीला बॅटच्या तेलाचा वास येतोय. मला वाटलं यानं डबा किटबॅगेत कोंबला असणार, चांगलं झापलं त्याला, तर शपथेवर सांगतो की नाही. मग घरात माझ्यासाठी काढून ठेवलेली बरणी उघडली तर खरंच तसाच वास, ऑइलपेंटसारखा, आणि जिभेच्या मागं कडसर.

माझी पद्धत: पाव किलो जवस भाजायचे, दहा-बारा लाल मिरच्या, एक अख्खा गड्डा लसूण, जिरं, मीठ, थोडी चिंच, आणि सगळं एकदम मिक्सरमधून बारीक. खरं सांगायचं तर सकाळच्या गडबडीत जवस कोमट असतानाच फिरवते. प्लास्टिकच्या डब्यात भरून ओट्यावर, खिडकीपाशी. माझी आजी उखळात कुटायची, ती चटणी सहा-सहा महिने टिकायची. मग माझीच का टिकेना? मिक्सरचा दोष का जवसच जुने मिळायलेत?

उदगीरची_काकू:
अगं बाई, आधी एक सांग, चटणी पहिल्या दिवशीपासून कडू होती का नंतर झाली? पहिल्या दिवशी कडू असली तर जवस करपले. नंतर झाली तर खवट. दोन्हीचा इलाज वेगळा. तू लिहिलंस त्यावरून खवटच झालेली वाटायलीय.

आणि आजीची चटणी सहा महिने टिकायची हे काही मला पटत नाही बघ, राग मानू नको. आमच्या घरी सहा महिने टिकायचे ते जवस. मडक्यात अख्खे भरून ठेवलेले असायचे, आणि आई आठवड्याच्या बाजारादिवशी दोन मुठी काढून भाजायची, कुटायची. पुढच्या बाजारापर्यंत बरणी रिकामी. आपण लेकरं होतो, बरणी कायम भरलेली दिसायची म्हणून वाटायचं की तीच चटणी आहे.

भाजायचं असं. जवस आधी निवडायचे, माती लई असते त्यात. लोखंडी कढई, जाळ बारीक, आणि एका वेळी वाटीभरच, जास्त टाकलं की खालचे करपतात अन् वरचे कच्चे राहतात. कच्चा जवस दाताला चिकट लागतो, चघळत बसावं लागतं, चटणी पण गिचका होते. हात थांबवायचा नाही. जरा वेळानं तडतड सुरू होते, दाणे उड्या मारायला लागतात, ते बघत बसायचं नाही तर ऐकायचं. तडतड जोरात होऊन मंदावायला लागली की लगेच ताटात ओतायचं, कढईत ठेवायचं नाही कारण लोखंड गरमच असतं आणि आतल्या आत भाजत राहतं. थंड झाल्यावर एक दाणा चावून बघ, कटकन फुटला पाहिजे.

परभणीकर_शेतीवाला:
ताई, पोरगं बरोबर बोलायलंय, उगं झापलंत त्याला 😄 क्रिकेटच्या नव्या बॅटला जे तेल चोळतात ते जवसाचंच असतं. ऑइलपेंटमध्ये पण पिढ्यान् पिढ्या तेच वापरलं गेलं. कारण हे तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं, वाळतं. रंगासाठी हा गुण, चटणीसाठी दुर्गुण.

जवसात अंदाजे 40 टक्के तेल, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा 3. डॉक्टर लोक जवस खा म्हणतात ते याच्यासाठीच, आणि तेच सगळ्यात लवकर खराब होतं. शेंगदाण्याच्या तेलात ते जवळजवळ नसतंच म्हणून तुमची शेंगदाण्याची चटणी महिनाभर निघते. अख्ख्या दाण्याला वरून टणक साल असते, आत हवा जात नाही, म्हणून काकू म्हणल्या तसं मडक्यातले जवस टिकतात. दळलं की साल फुटली, तेल उघडं पडलं. त्यात तुम्ही बारीक दळताय, कोमट असतानाच दळताय, मिक्सरची उष्णता वेगळी, आणि वरून खिडकीतला उजेड. दळल्यानंतर जे जे करू नये ते सगळं झालंय.

जवस जुने असतील का म्हणता तर असू शकतात. अख्खा दाणा चावून बघा, तोच खवट असेल तर दुकान बदला. आमच्या आजोबांच्या काळी रानात रब्बीच्या ज्वारीत जवसाचे चार तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, असायचेच, बांधाकडंनं करडई, काट्यामुळं ढोरं आत शिरत नसायची. घरचं जवस, घरची करडई. आता सगळं सोयाबीन. जवस किराणा दुकानातून पावशेर आणावं लागायलंय, काय बोलावं.

कारळप्रेमी:
जवस सोडा, कारळ करा, विषय संपला 😂

उदगीरची_काकू:
कारळ काय सुखाचं आहे का बाबा. खडे निवडता निवडता डोळे जातात, आणि एक जरी राहिला तर दाताखाली कचकन येतो.

निलंग्याची_लेक:
मी दोन गोष्टी जोडते, वर कुणी बोललं नाही. लसूण आणि चिंच. वासाचं कारण तेल असेल पण ओला लसूण एक गड्डा म्हणजे कोरड्या चटणीत पाणी घातल्यासारखंच आहे, गोळे होतात आणि उन्हाळा सरला की बुरशीचं भ्या. मी पाकळ्या चिरून तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतते, अगदी पापडासारख्या मोडल्या पाहिजेत. मीठ पण पावसाळ्यात तव्यावर गरम करून घेते, त्यातलं दमट निघून जातं. चिंच आमच्याकडं घालतातच, आमच्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्यामुळं चिंच घालू नका असं माझ्या तोंडून निघणार नाही 😀 पण महिनाभर ठेवायच्या चटणीत नको. खाताना लिंबू पिळा नाहीतर दह्यात कालवा. दही-जवस आणि ज्वारीची गरम भाकरी, वरून कच्चं तेल... सॉरी, भूक लागली.

प्रमाण म्हणाल तर माझं एक वाटी जवसाला सात-आठ मिरच्या, बारा पाकळ्या, एक चमचा जिरं. काहीजण सुकं खोबरं टाकतात, मी टाकत नाही, ते पण खवट व्हायच्याच जातीचं.

उखळाचं एक मात्र खरं आहे. कुटलं की भरड राहतं, गरम होत नाही, चव वेगळीच येते. मिक्सर असेल तर झटक्या झटक्यानं फिरवायचं, दोन सेकंद चालू, बंद, झाकण काढून चमच्यानं हलवायचं. सलग फिरवलं की दोन मिनिटांत लाडू वळायला तयार.

लातूरकर_पुण्यात:
मी पाच वर्षं होस्टेलला काढली म्हणून पोराच्या बाजूनं बोलतो. काकू, पावशेराची चटणी एकदम पाठवूच नका. पंधरा दिवसांचीच पाठवा, काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत दाबून भरा म्हणजे आत हवा कमी. आणि त्याला सांगा ओला चमचा घालू नको. होस्टेलमध्ये आठ जणांचे आठ चमचे त्या बाटलीत जातात, त्यातले सहा वरणातून आलेले असतात. फ्रीज असेल तर फ्रीजात, पण होस्टेलच्या फ्रीजातून चटणी खवट व्हायच्या आधीच गायब होते हा स्वानुभव.

संभाजीनगरची_आई:
सगळ्यांचे आभार, करून बघितलं म्हणून लिहायलेय.

पहिला घाणा करपला. काकूंनी ऐकायला सांगितलं होतं आणि माझ्याकडं त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या, तडतड काही कळालीच नाही, बघते तर धूर. वाटीभर जवस गेले. दुसऱ्यांदा कुकर बंद करून, पंखा बंद करून उभी राहिले. खरंच आवाज बदलतो हो! पहिले एकेक टिकटिक, मग पाऊस पत्र्यावर पडावा तसा, मग ओसरतो. तिथंच उतरवलं. दाणा कटकन फुटला.

आईला पण फोन केला आजीच्या चटणीचं विचारायला. आई हसली, म्हणे कसले सहा महिने, तुझी आजी दर गुरुवारी कुटायची, तू उखळापाशी बसून मूठ मूठ खायचीस, अर्धी तिथंच संपायची. म्हणजे काकू तुमचंच खरं निघालं.

आता मी असं केलं. चटणी पाठवलीच नाही. भाजलेले अख्खे जवस एका बरणीत, आणि मिरची, तळलेला लसूण, जिरं, मीठ याची भरड वेगळ्या पुडीत. सोबत माझा जुना पितळी खलबत्ता, आलं-वेलदोडे कुटायचा. पोरगं आधी कुरकुरलं, मी काय इथं चटण्या कुटत बसू का म्हणून. काल रात्री फोटो आला, चार पोरं खाली बसलेली, मधे खलबत्ता, आणि खाली लिहिलंय, आई, रूम नंबर बारावाले पण मागायलेत, जवस अजून अर्धा किलो पाठव, आणि खाली ठेवायला काहीतरी जाड पाठव, वॉर्डन आवाज येतो म्हणून वर येऊन गेले.

उदगीरची_काकू:
गोणपाटाची चौघडी घाल म्हणाव खाली. आणि वॉर्डनला पण वाटीभर दे म्हणाव.