निरंकुश की सर्वंकष? हुकूमशाहीच्या शब्दांविषयी

धंतोलीकर
नागपुरात बर्डीवरच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना राज्यशास्त्र शिकवतो. 'टोटॅलिटेरियन' आणि 'ऑथॉरिटेरियन', दोन्हींपुढे नोट्समध्ये 'एकाधिकारशाही' लिहिलंय. काल एका पोरीनं विचारलं, "सर, स्पेनचा फ्रँको हुकूमशहा, हिटलरही हुकूमशहा, मग दहा मार्कांचा फरक लिहायचा कुठून?" दोन वेगळे मराठी शब्द सुचवा. तोंडात बसणारे पाहिजेत.

महालवाला
काऊन डोकं लावून राहिले भाऊ, हुकूमशाहीच म्हणा न! पत्त्यात हुकूम बोलला का दुर्री बी एक्क्याले मारते, तसंच हाय हे. फरक इतकाच, पत्त्यातला हुकूम डाव संपला का बदलते. याईचा डावच संपत नाही.

धंतोलीकर
दुर्री-एक्का उद्याच्या तासाला वापरणार! रोमचा 'डिक्टेटर'ही आधी एका डावापुरताच असे. संकटकाळी रीतसर नेमायचा, फार तर सहा महिन्यांसाठी. इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला या सेनापतीनं ती मुदत गुंडाळली, इ.स.पू. 44 मध्ये सीझर तहहयात झाला. पण राज्य कोणाचं, एवढंच 'हुकूमशाही'तून कळतं. मला हवंय ते किती खोल जातं त्याचं नाव.

रामटेकची संस्कृतवाली
सर, दोन्ही शब्द आपल्याकडे पडून आहेत, आपण ते गुळगुळीत करून टाकलेत.

'निरंकुश' म्हणजे ज्याच्यावर अंकुश नाही असा हत्ती. वाटेत याल तर तुडवेल. वाटेतून बाजूला झालात, तर तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

'सर्वंकष' आपण आता 'सर्वंकष आढावा', 'सर्वंकष विकास' असं चांगल्या अर्थानं लिहितो. त्यातला 'कष्' हा घासण्या-खरवडण्याचा धातू आहे. पाणिनीनं एकाच सूत्रात चार शब्द साधलेत, त्यांतले सर्वंकष, कूलंकष आणि अभ्रंकष आपल्या कामाचे. अभ्रंकष म्हणजे ढगांना घासणारा, एवढा उंच. कूलंकषा ही काठ खरवडत नेणारी नदी. शाकुंतलात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला हीच उपमा देतो: काठ खाणारी नदी स्वतःचं पाणी गढूळ करते आणि काठावरचं झाडही पाडते. (रामटेकची असून मेघदूत सोडून शाकुंतल सांगतेय, माफी असावी.) तर सर्वंकष म्हणजे सगळंच खरवडणारं. त्याच्यापुढे बाजूला व्हायला काठच उरत नाही.

म्हणून फ्रँकोला निरंकुश (ऑथॉरिटेरियन) म्हणा, हिटलर-स्टॅलिनला सर्वंकष (टोटॅलिटेरियन).

कोराडीचा निवृत्त
ताईंच्या खरवडण्याला माझ्या खात्यातली जोड देतो. मी इलेक्ट्रिकलचा, उमेदीची वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात गेली. वीजनिर्मितीचा संच ग्रीडवर, म्हणजे सगळी केंद्रं जोडणाऱ्या जाळ्यावर, घेताना आधी सिंक्रोनाइझ करावा लागतो. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज जुळले की मगच ब्रेकर टाकायचा. एकदा जोडला की तो संच आपल्या मर्जीच्या वेगानं फिरू शकत नाही, सगळ्यांबरोबर 50 हर्ट्झ.

नाझींनी आपल्या कारभाराला जो शब्द लावला, 'ग्लाइखशाल्टुंग' म्हणजे सगळं एकासारखं जुळवून घेणं, तो विजेच्या भाषेतलाच. 23 मार्च 1933 ला राइशस्टागनं, म्हणजे जर्मन संसदेनं, 444 विरुद्ध 94 मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. आठच दिवसांनी, 31 मार्चला, प्रांतांना राइशशी (केंद्राशी) जुळवण्याचा कायदा आला आणि त्याच्या नावातच हा शब्द होता. जुलैत नवे पक्ष काढण्यावर बंदी. कामगार संघटना, वर्तमानपत्रं हे तर समजू शकतो, पण गावातली गायनमंडळंसुद्धा जुळवून घेतली: ज्यू सभासद काढा, निवडून आलेला अध्यक्ष घालवा, वरून ठरेल तो नेता माना. गाण्याचं मंडळ हो! निरंकुश राजाला त्याची फिकीर कशाला असेल?

धंतोलीकर
काका, गायनमंडळ फळ्यावर पहिलं लिहितो.

ताईंचा फ्रँको नेमका बसतो. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी 1964 मध्ये ऑथॉरिटेरियन हा वेगळा प्रकार मांडला, तो फ्रँकोच्या स्पेनवरूनच. चर्च, लष्कर, राजेशाहीवाले, फालांखे हा फॅसिस्ट वळणाचा पक्ष, सगळ्यांना आपापली मर्यादित जागा. पक्कं तत्त्वज्ञान नाही, एक मनोवृत्ती तेवढी. लोकांनी मोर्चे काढून जयजयकार करावा असा सततचा आग्रहही नाही, गप्प बसलात तरी चालेल. सर्वंकष सत्तेत गप्प बसणाराही संशयित असतो.

महालवाला
आन् तानाशाही? आमच्याकडं अर्धे लोक तेच म्हणते.

धंतोलीकर
1956 पर्यंत आपण हिंदी-मराठी मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतो, तो शब्द इथं असायचाच. गोवळकोंड्याच्या शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसनला, तानाशाह म्हणत. 1687 मध्ये औरंगजेबानं त्याचं राज्य घेतलं आणि तो दौलताबादच्या कैदेत मेला. त्याचं नाव हुकूमशहांना चिकटावं हा अन्यायच. तुम्ही खुशाल म्हणा, उत्तरपत्रिकेत नको.

रामटेकची संस्कृतवाली
मग मुसोलिनीच्या इटलीपुढे 'सर्वंकष' लिहिलंत ना?

धंतोलीकर
तिथंच अडलोय. 'तोतालितारियो', म्हणजे टोटॅलिटेरियन, हा शब्द इटलीचाच. 1923 मध्ये जोव्हान्नी आमेंदोला या विरोधकानं तो फॅसिस्टांवर टीका म्हणून वापरला. 1925 मध्ये मुसोलिनीनं तोच बिरुदासारखा मिरवला आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांनी आमेंदोलाला बेदम मारलं. 1926 मध्ये तो गेला. पण इतकं मिरवूनही राजा गादीवर राहिला, 1929 मध्ये पोपशी करार करावा लागला, आणि 25 जुलै 1943 ला त्याच राजानं मुसोलिनीला काढून अटक करवली. सगळं खरवडणाऱ्याला असं कुणी बोलावून नारळ देतं का? सध्या इटलीपुढे पेन्सिलीनं 'सर्वंकष' लिहून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलंय.